महिपत काकांचा नंबर

शहाडच्या उड्डाणपुलावर भर दुपारी एक स्कूटर बंद पडली. तेवढंच झालं होतं खरं तर.

माझ्या फोनवर 'हाकेवर'चा मेसेज आला. स्कूटर चालू होत नाही, ग्राहकाचं नाव केदार. मी पान्यांची पिशवी खांद्याला लावली, बाईकला किक मारली आणि चार मिनिटांत पोचले. 'हाकेवर' म्हणजे आमच्यासारख्या रस्त्यावर बसणाऱ्या कारागिरांचं ॲप. पंक्चरवाले, किल्लीवाले, मेकॅनिक... कुणाचं कुठे अडलं की ॲप जवळच्या माणसाला धाडतं.

तो कठड्यापाशी उभा होता. निळा शर्ट, घामाने नाकावर घसरलेला चष्मा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग फोनमधल्या फोटोकडे. फोटोत पांढऱ्या मिशांचे माझे बाबा होते.

"महिपत काका नाही आले?"

"बाबा दुसऱ्या कामावर आहेत. मी बघते. कधीपासून बंद आहे?"

तो एकदम ताठ झाला. "एक मिनिट... तुम्ही फोनवरच्या ताई ना?"

माझ्या हातातला पाना हातातच राहिला. आवाज मीही ओळखला होता. वयस्कर कारागीर मेसेज बघत नाहीत, म्हणून कंपनीच्या घोडबंदर रोडवरच्या ऑफिसातून त्यांना फोन येतो. आम्हाला दिवसातून दोनदा-तीनदा यायचा. "महिपत काका, केदार बोलतोय. काम आलंय." आणि दरवेळी मी सांगायचे, "बाबा कामात आहेत, मला सांगा."

आवाजाला चेहरा मिळाला की कसंतरीच होतं. मी पटकन खाली बसले आणि प्लग काढला.

"केवढा काळा झालाय! कधी साफ केला होता?"

"माझ्याकडेच बघायला कुणी नाही, प्लगकडे कोण बघणार?"

"असं सगळ्या मेकॅनिकना सांगता?"

"सगळ्या मेकॅनिकना मिशा असतात हो."

मला हसू आलं... आणि मलाच आश्चर्य वाटलं. किती दिवसांनी हसले होते मी! प्लग घासून बसवला, स्कूटर पहिल्या झटक्याला चालू झाली. पण हा बसेना.

"काकांना भेटू का पाच मिनिटं? मी नोकरीला नवा होतो ना, तेव्हा ते रोज विचारायचे – जेवलास का रे? आवाज बारीक येतोय तुझा. तेव्हा मला असं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. आत्ताही नाही."

खोटं बोलायची मला सवय झाली होती. पण त्या प्रश्नावर जमलं नाही.

"बाबा नाहीत," मी म्हणाले. "दहा महिने झाले."

पुलावरून दोन टेम्पो गेले.

"तुम्ही फोन करता तेव्हा कुणीतरी त्यांचं नाव घेतं... महिपत काका म्हणून. घरात आता नाव घेणारं कुणी उरलं नाही. आई तर मी लहान असतानाच गेली. म्हणून मी खातं बंद नाही केलं. आणि दुसरं म्हणजे, बाईचा फोटो बघून मेकॅनिकला कोण बोलावतंय?"

"हे मला सांगायला नको होतंत तुम्ही," तो हळूच म्हणाला. "मला कंपनीला कळवावं लागतं."

पण त्याने कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन आला. "ताई, बिर्ला कॉलेजजवळ पंक्चर आहे."

"पुलावरही ताई, फोनवरही ताई!"

"कंपनीनंच लिहून दिलंय, ताई आणि काका म्हणायचं."

"मग म्हणा की."

"नाही... आजपासून काहीच नाही म्हणणार."

आणि खरंच, त्यानंतर त्याचा फोन आला की आधी क्षणभर काहीच ऐकू यायचं नाही. नुसता श्वास. मग, "वालधुनी, क्लच वायर तुटलीय." कोरडं, कामाचं वाक्य. पण त्या एका क्षणासाठी मी सकाळपासून फोन हातात धरून बसायचे.

हळूहळू कळत गेलं. डोंबिवलीत दोन खोल्यांत तो एकटाच राहतो. आईवडील मोठ्या भावाकडे बंगळुरूला गेलेत. दर महिन्याला टिटवाळ्याच्या गणपतीला जातो, नवस वगैरे काही नाही, "रांगेत उभं राहिलं की पुढेमागे माणसं असतात" म्हणून. मीही सांगून टाकलं, की अजून दोन माणसांचा भात लावते आणि उरलेला सकाळी फोडणीला टाकते.

"माझं नाव संचिता आहे," एके दिवशी मी म्हणाले.

"माहितीये. काकांनी सांगितलेलं. माझी संचिता इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगते, म्हणायचे."

मी फोन ठेवला आणि रस्त्याकडे पाठ करून रडले. बाबा मला कधी बोलले नव्हते असं.

दीड महिना असा गेला. मग एका रविवारी तो स्वतःच आला. मी बसते तिथे, पुलाखाली. चेहरा उतरलेला.

"कंपनीनं नवा नियम काढलाय. उद्यापासून काम घेताना चेहरा दाखवावा लागणार. काकांचं खातं... मला बंद करावं लागेल, संचिता. तुझं नवीन उघडू. कागद घेऊन आलोय."

"आणि बाबांची सगळी कामं? लोकांनी लिहिलेलं?"

"ते नाही राहत."

"एवढे दिवस गप्प बसलास ना? अजून बस."

"नाही बसता येत आता."

"मग कशाला आलास?" माझा आवाज चढला. "तिकडे ऑफिसात बसून एक बटण दाबायचं होतं! मला बघायला लावायचं होतं का?"

त्याने फॉर्मवर जिथे सही करायची तिथे बोट ठेवलं. मी सही केली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले, "जा आता."

तो गेला.

नव्या खात्यावर माझा फोटो होता. पहिल्या आठवड्यात सहा कामं आली, पाच निघायच्या आतच रद्द झाली. सहावं झालं. एका आजोबांची मोपेड होती, ते शेवटपर्यंत विचारत होते, "नक्की जमेल ना मुली?" जमलं. पण घरी येऊन ते सांगायला कुणी नव्हतं. फोन यायचे. एका मुलीचा आवाज, गोड, घाईतला. "संचिता ताई, काम आलंय." मी तिला दोनदा केदारचं विचारता विचारता थांबले. तिसऱ्यांदा विचारलं.

"केदार सर? ते सोडून गेले ना."

पुलावरच्या त्या पहिल्या मेसेजमध्ये त्याचा नंबर होता. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा स्वतःहून त्याला फोन लावला. त्याने उचलला... आणि तोच एक क्षण, नुसता श्वास.

"नोकरी का सोडलीस?"

"सोडली नाही, काढलं. खातं बंद करताना एक रकाना भरायचा असतो – कारागीर हयात नसल्याचं कधी कळलं? मी तारीख लिहिली. दीड महिना लपवलं म्हणाले, आणि..."

"कालच कळलं असं लिहायचं की! कोण तपासणार होतं?"

"अगं, ती तुला भेटल्याची तारीख होती," तो म्हणाला. "ती खोटी कशी लिहू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाशिकला काम मिळालंय, एका गोदामात. परवा सकाळी कल्याणहून एसटी आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवर होते. तो एक बॅग घेऊन उभा होता. मला बघून चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तू म्हणालीस तर नाही जात," तो शेवटी म्हणाला.

म्हणावंसं वाटत होतं. जिभेवर आलं होतं. पण रोज त्या रिकाम्या खोल्यांत बसून तो काय करणार होता? आणि कामाशिवाय माणूस आतून कसा गंजतो, ते मी बाबांच्या आजारपणात पाहिलं होतं.

"जा," मी म्हणाले. "मी रागावले होते ना, ते तुझ्यावर नाही. बाबा गेल्यावर रडायचं राहून गेलेलं, ते त्या दिवशी तुझ्यावर निघालं. आणि... मला तू आवडतोस, केदार. फोनवरचाच आवडायला लागलेलास."

कंडक्टरने घंटी मारली. त्याने माझा हात धरला. ग्रीस लागलेला, काळ्या नखांचा हात. धरला आणि सोडेचना.

"अहो, चढताय की नाही?" कंडक्टर ओरडला, तेव्हा कुठे सोडला.

बस गेली. स्टँडवर एवढी माणसं, आणि मी एकटी. तो आठवडा फार मोठा होता. बुधवारी तीन कामं झाली, शुक्रवारी एका बाईने मुद्दाम माझा फोटो बघून बोलावलं, आणि संध्याकाळी खोलीत शिरले की पंखा लावेपर्यंत सगळं गप्प.

रविवारी पहाटे उठले. ॲप बंद केलं. बाबा गेल्यापासून, म्हणजे जवळजवळ वर्षभरात, पहिल्यांदा. टाकी भरली, चेन आवळली आणि बाईक नाशिकच्या रस्त्याला घातली. पडघ्याच्या पुढे मी कधीच गेले नव्हते. शहापूर मागे पडलं. कसाऱ्याच्या घाटात ट्रकांच्या मागून चढताना हँडल घट्ट धरून ठेवलं. वर पोचले तेव्हा उन्हातही वारा गार लागत होता.

इगतपुरीला रस्त्याकडेला थांबून मी फोन लावला.

"केदार, उठलास का?"

"संचिता? काय झालं? कुठेयस तू?"

"घाट चढून आलेय. तासाभरात पोचते," मी म्हणाले. "पत्ता पाठव... आणि भात माझ्या हातचा, तू फक्त भाजी आणून ठेव."