लॉग उघडण्याआधीचा आवाज

खोटं वाटलं तर वाटू दे. माझ्या सुनेच्या बाबतीत घडलं, तसं सांगतो.

थंडीतली संध्याकाळ होती. इस्पितळाच्या तळमजल्यावर कॉम्प्युटरची खोली. तिच्या बरोबर वर नवजात बाळांचा कक्ष.

एखाद्या बाळाचा श्वास अडला, की वर परिचारिकेच्या टेबलावर घंटा वाजायची. त्या घंटेचं सॉफ्टवेअर सूनबाईंच्या हातचं.

ती नुकतीच कामावर परतली होती. तिचं स्वतःचं बाळ पहिलं रडण्याआधीच गेलं होतं. तेव्हापासून जेवायची, बोलायची... पण काचेपलीकडून असल्यासारखी.

त्या संध्याकाळी सॉफ्टवेअर चालूच होईना. सुरू करावं, की बंद पडायचं. वरची बाळं घंटेविना.

चुकांची नोंद जिथे होते, तो लॉग कोरा.

शेजारी बसणाऱ्या वयस्कर सहकाऱ्याला सगळे मामा म्हणत. ते म्हणाले, "अगं, ते आधी पाळण्यांची माहिती वाचतं, मग लॉग उघडतं. वाचा फुटायच्या आतच गेलं, तर सांगणार कसं?"

बोलले आणि जीभ चावली.

"बरोबर आहे, मामा," एवढंच ती म्हणाली.

लॉग उघडण्याआधी चूक झाली, तर तिच्या टेबलावरचा स्पीकर वाजवायचा आणि चूक थेट पडद्यावर दाखवायची, असं ठरलं. परिचारिकांनी घंटेच्या भरवशावर राहू नये, हे सांगायला मामा वर गेले. तिने चार ओळी लिहिल्या. स्पीकरची वायर हातात घेतली.

अजून जोडली नव्हती...

आणि स्पीकर वाजला.

बाळ रडलं. एकदाच. जन्मल्यावर पहिल्यांदा रडावं, तसं.

तिने हातातल्या वायरकडे पाहिलं.

मग वर धावपळ.



बऱ्याच वेळाने मामा घाम पुसत खाली आले. खिडकीजवळच्या बाळाचा श्वास थांबला होता. ते जिन्यातच होते, तेवढ्यात घंटा वाजली, परिचारिका धावली, बाळ वाचलं.

"चालू केलंस वाटतं. शाब्बास, पोरी."

"मी अजून हात लावलेला नाही, मामा."

मामा खुर्चीत बसले.

वायर जोडून सुरू केल्यावर स्पीकर नुसता टूंऽऽ वाजला, पडद्यावर चूक दिसली. नव्या बाळाच्या नावाची जागा रिकामी होती, तिथेच सॉफ्टवेअर अडखळत होतं. बाळ खिडकीजवळचंच. दुरुस्ती लगेच झाली.

घंटा कोणी वाजवली, ते काही कळलं नाही.

रात्री ती आम्हाला वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "आज त्याचा आवाज ऐकला."

माझ्या मुलाचा घास हातातच राहिला.

"भाजी वाढू?" तिने विचारलं.

मी ताट पुढे केलं.