डाव्या हाताची निब

"निबवर ५८५ हा सोन्याचा आकडा कोरलेला हवा," वीब्के म्हणाली. "नसेल तर नुसता मुलामा. चमक बघून भुलायचं नाही."

"आणि खिशाला परवडायलाही हवं," तिचा धाकटा भाऊ येल्तो म्हणाला. "म्हणजे मिळालंच म्हणायचं."

शरदाच्या सुट्टीत दोघं आजोबांकडे, उत्तर जर्मनीतल्या लेअर गावी आली होती. आजी उन्हाळ्यात गेली. सांत्वनाच्या आलेल्या कार्डांचा गठ्ठा कपाटावर तसाच पडला होता. पाठवणाऱ्या प्रत्येकाला हातानं आभार लिहायचे असतात, पण आजोबांनी एकालाही लिहिलं नव्हतं.

"तिच्या पेनानंच लिहीन," ते म्हणायचे. आणि आजीचं सोन्याच्या निबचं पेन घरात कुठेच सापडत नव्हतं.

त्या भागात कपात चमचा ठेवला म्हणजे चहा पुरे. तिसऱ्या कपाआधी तो कुणी ठेवत नाही. आजोबा पहिल्याच कपानंतर ठेवायचे. ते पाहून मुलांनी ठरवलं, तसंच पेन आणायचं.

बंदराजवळच्या जुन्या बाजारात धुकं होतं, गिऱ्हाईक नव्हतं. लोकरी टोपीतल्या दुकानदार टामेनबाईंनी एक झगझगीत पेन पुढे केलं. "घ्या. अस्सल सोनं."

येल्तोनं भिंग लावलं. "आकडा नाहीये, बाई."

"अगंबाई, सोनाराची पोरं का तुम्ही?"

वीब्केनं मोडक्यातोडक्याच्या पेटीतून एक काळं पेन उचललं. त्याच्या निबवर आकडा होता.

"ते खरखरतं," बाई म्हणाल्या. "म्हणून स्वस्तात देतेय."

निब पाण्यात बुडवून येल्तोनं रेघ ओढली. पाटीवर नख ओढल्यासारखा आवाज झाला. "खरंच की."

वीब्के डावखुरी होती. तिनं पेन डाव्या हातात घेतलं आणि ते कागदावरून सुळकन गेलं. आत वाळलेली शाई पाण्यानं सुटली होती. रेघ तपकिरी उमटली.

तिचा हात थांबला. तपकिरी शाई आजीच वापरायची. शाळेत डाव्या हातावर छडी बसायची, म्हणून घरी सगळं डाव्यानंच लिहायची. वर्षानुवर्षं लिहून निब त्याच बाजूनं झिजली होती.

येल्तोनं बहिणीचा चेहरा पाहिला आणि हळूच तिचा पाय दाबला. "खरखरतंय, बाई. थोडं कमी करा ना."

बाईंनी कुरकुरत कमी केलं.

"ही पेटी आली कुठून?" वीब्केनं विचारलं.

"एनोनं दिली. आईचं कपाट रिकामं केलं म्हणाला. फेकायचंच होतं म्हणे."

एनो म्हणजे त्यांचा काका.

दुपारी काका चहाला आला तेव्हा येल्तोनं साळसूदपणे विचारलं, "काका, आजीचं कपाट आवरलंस तेव्हा पेनं कुठे ठेवलीस?"

"कसली पेनं? वाळलेली होती सगळी."

वीब्केनं पेन टेबलावर ठेवलं. आजोबांनी ते ओळखलं. काकाचा चेहरा उतरला आणि तो चहा ढवळत बसला. तिकडे चहा कुणी ढवळत नाही, पण आजोबांचं लक्ष पेनाकडेच होतं.

त्यांनी पेन उजव्या हातात धरून कागदावर टेकवलं. खर्र. पुन्हा टेकवलं. खर्र.

"मला कधी हात लावू द्यायची नाही," ते म्हणाले. "म्हणायची, तुमच्या हातात चालायचं नाही ते. मला वाटायचं, थट्टा करते."

मग त्यांनी पेन वीब्केकडे सरकवलं. "तू लिही. मी सांगतो."

"माझं अक्षर वाकडं येतं, आजोबा."

"तिचंही यायचं."

पहिलं कार्ड लिहून झालं. शाई सुकेपर्यंत आजोबा त्याच्याकडे बघत राहिले. "बरं शोधलंत," ते म्हणाले. येल्तोची मान ताठ झाली. आजोबांच्या तोंडी 'बरं' म्हणजे हारतुरेच.

त्यांचा पहिला कप रिकामा झाला होता. हात चमच्याकडे गेला आणि तिथंच थांबला.

"एनो," ते म्हणाले, "ओत अजून."

काका घाईनं उठला आणि किटली घेऊन आला.