थंड पडलेला सांधा

जीप आली ती बैलजोडीच्या मागून. तिचा पुढचा बंपर मागच्या सीटवर पडलेला.

रोहिणखेडच्या लोहारसाळेत कोकिळा भाता ओढत होती. जीपमधून खाकी कपड्यातला एक तरणा उतरला. गुडघ्यापर्यंत चिखल, तोंडावर हसू.

"बैल घेतले का जीप?" तिनं विचारलं.

"जीप देशमुखाची, बैल उसने. चिखलात फसली, दोर लावून ओढली, तं बंपरच उपटून आला."

हा मोतीराम, सुलतानपूरच्या लोहाराचा मुलगा. लढाईत ड्रायव्हर झालेला. उत्तमराव देशमुखांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली जीप त्याला बुलढाण्याला न्यायची होती. घाटातला रस्ता पावसानं खचला होता. तेवढा चढ जीप बैलांनीच ओढायची, एका अंगाला दरी. तिथं बंपर उपटला तर...

कोकिळाच्या बापानं, कडूबानं, बैलगाडीच्या चाकांच्या दोन जुन्या लोखंडी धावा काढायला सांगितल्या. त्या तापवून सरळ करायच्या, एकावर एक जोडून बंपर करायचा. मधोमध दोरासाठी आकडा.

गावाला एक गोष्ट माहीत नव्हती. कडूबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तापल्या लोखंडाचा रंग त्याला दिसत नव्हता. वर्षभर सांधे कोकिळाच बसवत होती. हे फुटलं असतं, तर गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी बंपर झाला, आकडा राहिला.

"लोहाराचे ना तुमी? मग हे आमच्याकडून काऊन?" कोकिळानं विचारलं.

"हातोडा धरला का माहा बाप शिव्या दे. मोटार चालवतो तं कोणी देत नाही."

"मी देऊ का?"

मोतीराम खळखळून हसला. कोकिळानं वर पाहिलं... एवढंच. खाली नजर आली तेव्हा पांढरं लोखंड पिवळं पडलं होतं, सांधा धरण्याइतकं तापलेलं उरलं नव्हतं. तिनं तरी घाव घातला. आकडा बसला. वरून पाहता निर्दोष.

निवल्यावर तिनं हातोडीनं ठोकून पाहिलं. बंपर खणखणला. आकडा मात्र बद्द वाजला.

तिला रात्रभर तेच दिसत राहिलं: ताणलेला दोर, सुटलेला आकडा, मागं घसरणारी जीप...

सकाळी भुरभुर चालू होती. मोतीराम बंपरचे नट आवळत होता.

"थांबा... आकडा कच्चा हाये."

"काका तं पक्का म्हणले."

"माह्या बाले दिसत नाही. सांधा म्या बसवला."

त्याचा पाना थांबला. "थंड पडला?"

"हाव."

"काऊन?"

"तुमी हसले..." ती जमिनीकडं पाहत म्हणाली, "म्या तिकडं पाह्यलं."

बॉनेटवर थेंब वाजत राहिले. मोतीरामचे कान लाल झाले.

"मले पहिल्याच दिवशी समजलं होतं," तो हळूच म्हणाला. "काका बोलत होते, पण लोखंडाकडं तूच पाहून राह्यली होती." मग त्यानं घाटाकडं पाहिलं. "भेव मलेबी हाये. बर्मात एक जीप माह्यासमोर दरीत गेली. हसतो ते भेव झाकाले."

त्यानं नट सोडवले. "पुन्हा लाव. घण मी मारतो."

या वेळी तिनं कुठंच पाहिलं नाही. लोखंड पांढरं झालं. "मारा!" त्यानं मारला.

निवल्यावर आकडा खणखणला. तिनं पुन्हा ठोकला. तिसऱ्यांदा ठोकला. भीती तरी जाईना.

"घाटात तुमी आत बसू नका."

"ब्रेक कोण धरन मग?"

कोकिळा जीपमध्ये चढून बसली.

"उतर! पागल झाली काय?"

"सांधा माह्या हातचा हाये. तुमी त्याच्या भरवशावर बसता, तं मीबी बसते."

कडूबा चाचपडत आला आणि मागच्या सीटवर बसला. "मग मी घरी काऊन राहू?"

घाटात बैलवाल्यानं बैल हाकले, दोर ताणला. आकडा करकरला. मागचं चाक कडेच्या मुरमात घसरलं, दगड खाली गेले, आणि त्यांचा आवाज यायला फार वेळ लागला. कोकिळानं डोळे मिटून मोतीरामचं मनगट घट्ट धरलं. त्यानं ते सोडवलं नाही.

"वर पोचलो तं..." मोतीराम म्हणाला, "तुया बाले विचारू?"

"बा मागंच हाये. आताच विचारा. वर पोचाचा काय भरवसा?"

"मले दिसत नाही, ऐकू येते," मागून कडूबा म्हणाला. "हाव म्हणलं. आता बैल हाका!"