बोटांपर्यंत पिसं

करंट गेलाय, तर बसा इथंच गच्चीवर. हर्षिता, तो मोबाईल पालथा ठेव गं, डोळ्यात जातोय. आणि अवधूत, आत्ता किरकिरलं ते ऐकून दचकलास काय? खुळ्या, पिंगळा तो, आपल्या नारळावरचा. मला घुबडांतलं जे कळतं ते आपल्या बसवनगुडीच्या सुधींद्रमुळं. हल्ली मात्र तो घुबडाचं नाव काढू देत नाही. का, ते त्यानंच मला सांगितलंय. सांगताना माझा हात सोडत नव्हता बिचारा.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. वद्य अष्टमीची रात्र. वसुमतीअक्कानं त्याला तांदळाचं पीठ आणायला पाठवलं होतं. अक्का चामराजपेटची. तिचा एकुलता एक रविकिरण, सुधींद्रचा जिवलग, नुकताच खाणीत पडून गेला होता. दुसऱ्या दिवशी दहावा. त्यांच्या घरात आदल्या रात्री पीठ पसरून त्यावर दिवा ठेवतात, वर टोपली झाकतात. सकाळी पिठात ज्याचा ठसा दिसेल, त्या जन्माला जीव गेला म्हणायचं. हसू नकोस, हर्षिता. तुझ्या आज्याची टोपली मीच झाकली होती.

आता रवी कसा गेला ते ऐका. कनकपुरा रोडच्या आत एक बंद दगडखाण आहे, तळाशी पाणी साचलेलं. तिथं मोठं घुबड बसायचं. सुधींद्र म्हणे, मत्स्य घुबड, पाण्यावर आलंय. रवी म्हणे, नाही अण्णा, शृंगी. दोघांनाही डोक्यावर शेंड्या, दोन्ही तपकिरी, लांबून फसायला होतं. खरा फरक पायांत. मत्स्य घुबडाचे पाय उघडे, शृंगीच्या पायांवर बोटांपर्यंत पिसं. सुधींद्रनं पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर आधीच सगळ्यांना ठासून सांगितलं होतं, मत्स्यच. त्या संध्याकाळी मोठी दुर्बीण त्याच्याच डोळ्याला होती. पक्षी वळला. पाय दिसले. बोटांपर्यंत पिसं.

रवीचं बरोबर होतं. पण कालच्या पोरापुढं हार कशी खायची? हा म्हणाला, "पाय दिसत नाहीत रे. तू स्वल्प कडेला जाऊन बघ."

तो गेला. कडेचा दगड निसटला.

हे अक्काला ठाऊक नाही. कुणालाच नव्हतं. तिनं सुधींद्रलाच म्हटलं, "तू आज इथंच झोप. त्याला तुझ्याशिवाय करमायचं नाही." काय वाटलं असेल त्याला, सांगा!

तर पीठ पसरलं. दिवा ठेवला. वेताची टोपली झाकली. अक्का आत जाऊन पडली. हा भिंतीला टेकून बसला. टोपलीच्या फटींतून उजेड बाहेर येत होता, लाल जमिनीवर त्याची नक्षी पडली होती. रस्ता निजला. कुत्रीसुद्धा गप्प झाली.

मग छपरावरून हाक आली. बू... बोऽऽ...

दोनच स्वर. शृंगी. चामराजपेटेत, भर वस्तीत? त्यानं कान झाकले. हाक थांबली. पंखांचा आवाज नाही. घुबडाचा नसतोच.

दार बंद. खिडकी बंद.

जमिनीवरची नक्षी मधेच काळी झाली.

दिवा जळत होता. कडेच्या फटी उजळ होत्या. मधल्या तेवढ्या काळ्या... आत काहीतरी उभं होतं. हललं नाही. फक्त वळलं. याच्याकडे.

"रवी..." हा पुटपुटला.

"रवी, मला..."

पुढचे शब्द आले नाहीत. तेवढेच म्हणायचे होते, आणि तेवढेच आले नाहीत. मग फटी उजळल्या.

सकाळी अक्कानं हात जोडून टोपली उचलली. पिठात एकच पाऊल. दोन बोटं पुढं, दोन मागं. आणि बोटांच्या भोवती बारीक बारीक रेघा, मऊ ब्रश टेकवावा तशा.

"पक्षी झाला रे माझा!" अक्का रडली. मग म्हणाली, "सुधी, तुला कळतं यातलं. कुणाचा पाय हा?"

बघा, पुन्हा तोच प्रश्न. या वेळी खरं बोलायला काय हरकत होती? पण शृंगी म्हटलं की पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. मान खाली घालून तो म्हणाला, "कावळा असेल, अक्का."

"सरी, बरं," म्हणून तिनं डोळे पुसले. पीठ गोळा केलं. जमीन पुसली.

ठसा गेला नाही.

तेव्हापासून सुधींद्र दर रविवारी जातो आणि गुडघे टेकून ती जमीन घासतो. सोड्यानं, चिंचेनं, नारळाच्या काथ्यानं. हातांची सालटी निघालीत. अक्का शेजाऱ्यांना कौतुकानं सांगते, पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं करतो हो माझ्यासाठी.

मी परवाच गेलो होतो तिथं. अक्का कॉफी करायला आत गेली, तेव्हा हळूच त्या जागेवरची चटई उचलून पाहिली.

आहे अजून. पांढरं पाऊल. बोटांपर्यंत पिसं.