टेबलाखालचा उन्हाळा

आमची पहिली भेट एका ऑफिसातल्या टेबलाखाली झाली. मी एका बाजूनं रांगत आत शिरले, तो दुसऱ्या बाजूनं, आणि आमची डोकी एकमेकांवर आपटली.

"फर्निचरवाल्या तुम्हीच का?" तो कपाळ चोळत म्हणाला. "मी डर्क. इलेक्ट्रिशियन."

"कोरिन. या क्युबिकलांच्या वायरिंगचा आराखडा माझा."

"म्हणजे सकाळपासून वीज जातेय, ती तुमच्या कृपेनं!"

हसायचंही त्राण नव्हतं. माझ्या लेकीचा, विलाचा, कान रात्रभर ठणकत होता. दोन वर्षांच्या पोरीला खांद्यावर घेऊन मी पहाटेपर्यंत येरझाऱ्या घातल्या होत्या. खिडकीबाहेर ग्रँड रॅपिड्सचा जानेवारी बर्फ होऊन भुरभुरत होता. मी आराखडा पुन्हा पाहिला. शेजारच्या दोन-दोन टेबलांना मिळून एक सर्किट, शिवाय कॉम्प्युटरसाठी एक वेगळं राखलेलं. मग चुकलं कुठे?

डर्कनं गालिच्यावर तळहात टेकला आणि डोळे मिटले. "अहाहा... इथं तर उन्हाळा आहे."

मीही हात लावला. गरम! म्हणजे हीटर. ऑफिसात हीटरला बंदी, म्हणून मी तो हिशेबात धरलाच नव्हता. जसं काही मिशिगनच्या थंडीत कुणी बंदी पाळतं!

"व्हर्नाबाई," डर्कनं टेबलाच्या मालकिणीला विचारलं, "खाली पसरलेल्या तुमच्या त्या कोटाखाली काय आहे?"

"माझे पाय," त्या ठसक्यात म्हणाल्या. "साठ वर्षांचे आहेत. काढून नेताय?"

मी हसले. किती दिवसांनी... डर्क माझ्याकडेच बघत होता.

हीटर तर टेबलाटेबलाखाली निघाले, आणि ते कुणी सोडणार नव्हतं. मग शेजाऱ्याशेजाऱ्यांचे हीटर एका सर्किटवर येऊ नयेत, म्हणून आम्ही एकेक प्लग बदलत गेलो. तो तपासून सर्किटचा आकडा सांगायचा, मी तोच म्हणत आराखड्यावर मांडायची.

"तीन."

"तीन."

"कॉफी?"

"...पुढचं दोन," मी आराखड्यात बघत म्हणाले.

"दोन कॉफी?"

"सर्किट दोन! पाळणाघर बंद होईल हो, पळायला हवं मला."

तो रोज विचारायचा. मी रोज पळायची.

शेवटच्या दिवशी दुपारीच पाळणाघराचा फोन आला — विलाला ताप. तिला घेतलं, पण पक्क्या आराखड्यावर माझी सही राहिली होती. ऑफिससमोर गाडी उभी करून डर्कला खाली बोलावलं. तो बर्फात तसाच, टोपीशिवाय, कागद घेऊन धावत आला. मी काच खाली केली आणि स्टिअरिंगवर कागद ठेवून सही केली.

"झालं," तो म्हणाला. "उद्यापासून तुम्हाला बोलवायला कारण उरलं नाही."

"पुन्हा वीज गेली तर?"

"नाही जाणार. काम फार चांगलं झालंय, तेच वाईट झालं." तो थांबला. "कोरिन... तू मला आवडतेस."

तू. एवढ्याशा शब्दानं माझे डोळे भरून आले. थकव्यानंही असेल. मी आरशात पाहिलं. मागे विला झोपली होती, गाल लालबुंद.

"माझ्यात बोलायचं त्राण नाही, डर्क. नटायचंही नाही. ही आज रात्रभर रडेल."

"मग बोलू नकोस. मी नुसता बसतो थोडा वेळ."

नुसता बसतो! आणि उद्या पोरीला त्याची सवय झाली, आणि हा निघून गेला, तर? मला सावरता येईल. तिला?

त्याच्या केसांवर बर्फ साचत होता, पण त्यानं दाराला हात लावला नाही. खिडकीतून आत वाकलाही नाही. फक्त विलाकडे वारा जाऊ नये, म्हणून जरासा आडवा सरकून उभा राहिला.

मी हात लांबवून पलीकडचं दार उघडलं.

"ये," मी म्हणाले. "पण हळू लाव. आत्ताच झोपलीय."