तळाची अळी

माझं आयुष्य अळ्या ओळखण्यात गेलं. एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं नोकरी केली. निवृत्त झाल्यावरही कुणाच्या तांदळात, कुणाच्या पाण्याच्या टाकीत काही वळवळलं की लोक डबी घेऊन वेस्ट मांबलमच्या माझ्या फ्लॅटवर येतात. मला त्याची घमेंड आहे, खोटं कशाला बोलू? झाकण काढायचं, एक नजर टाकायची आणि नाव सांगून मोकळं व्हायचं. समोरच्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होतो.

म्हणूनच मे महिन्यात व्यंकोजीअण्णाचा फोन आला, तेव्हा चिरत असलेला भोपळा तसाच टाकून मी निघाले.

अण्णा माझा चुलत भाऊ. श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यातून सुटल्यावर त्यानं तिथंच गावाबाहेर जमीन घेतली आणि तीन गाई पाळल्या. सेव्वंदी, मल्ली आणि गोदा. पैकी सेव्वंदीला आठवा महिना. अण्णाला आणि अलमेलूवहिनीला एकच मुलगी, अनन्या, ती लग्न होऊन टी. नगरला गेली. तेव्हापासून त्या घरात सगळे लाड सेव्वंदीचे. तिचं पहिलं वासरू जन्मतःच गेलं होतं. हे दुसरं सुखरूप यावं म्हणून वहिनी शुक्रवारचा उपास करत होती.

"दोन दिवस झाले, एकही गाय तोट्टीला तोंड लावत नाहीं," वहिनीनं दारातच सांगितलं. "बादलींतलं घोटभर पितात. ह्या उन्हांत पोटुशीला तेवढं कसं पुरेल, सांग."

तोट्टी म्हणजे गाईंची पाण्याची दगडी कुंडी. गोठ्यात ऊन तिरपं आलं होतं. शेणाचा आणि ओल्या दगडाचा वास होता, आणि रस्त्यावरून कंपनीच्या बसचा आवाज येत होता. तिन्ही गाई कुंडीभोवती उभ्या होत्या. पीत नव्हत्या. माना वाकवून पाण्यात बघत होत्या.

मीही वाकले. नितळ पाण्यात चार अळ्या होत्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या, दुधाळ रंगाच्या. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. डासाची नव्हती. माशीची नव्हती. चतुराची तर नव्हतीच, पाय कुठं होते? तीन मोठ्या अळ्या पृष्ठभागावर येत होत्या आणि परत खाली जात होत्या. चौथी लहान. ती वर येतच नव्हती, नुसती तळाशी पडून भराभरा आखडत आणि सैल होत होती.

"काय आहे गं?" अण्णानं विचारलं.

"बघून सांगते," मी म्हणाले. बत्तीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले असेन. अण्णा मिशीत हसला. मला ते चांगलंच झोंबलं.

चारही अळ्या त्याच पाण्यासकट मी लोणच्याच्या बरणीत घेतल्या आणि तोंडावर मलमल बांधली. आम्ही कुंडी घासून नवं पाणी भरलं. मी फाटकापर्यंत पोचायच्या आत तिन्ही गाई घटाघटा पाणी पीत होत्या. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी आल्यावर मी पुस्तकं काढली आणि भिंगाखाली बघितलं. अळ्यांना तोंड नव्हतं. म्हणजे मला सापडलं नाही असं नव्हे, नव्हतंच. तोंड नाही तर ह्या खातात काय? मला इतका आनंद झाला होता की रात्री जेवायचं राहून गेलं.

अशी अळी ओळखता येत नसेल तर आमची ठरलेली पद्धत असते. एक मारून नमुना म्हणून ठेवायची आणि बाकीच्या वाढू द्यायच्या. पंख फुटले की नाव कळतं. नमुन्याची अळी थेट स्पिरिटमध्ये टाकली तर काळी पडते. म्हणून आधी क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवायची. मग चिठ्ठीवर पेन्सिलीनं गाव, तारीख, वेळ लिहून ती नळीत घालायची.

मारायची कोणती, ह्याचा विचारही करावा लागला नाही. जी श्वास घ्यायला वर येत नाही ती काही जगत नसते. दुसऱ्या दिवशी चहाचं आधण ठेवलं, त्यातलंच वाटीभर पाणी काढलं आणि तळाची लहान अळी चिमट्यानं उचलून त्यात सोडली. ती एकदाच ताणली गेली. चिठ्ठीवर मी वेळ लिहिली, दुपारी चार दहा. मग त्याच आधणाचा चहा केला आणि प्याले.

सहाच्या सुमाराला वहिनीचा फोन आला. तिला बोलता येत नव्हतं.

"सेव्वंदी... एकदम खालीं बसली गं. डॉक्टर येऊन गेला. हात घालून बघितलं त्यानं. म्हणाला, वासरूं हालत नाहीं... गेलं."

"कधी बसली ती?"

"दुपारीं."

"दुपारी किती वाजता, वहिनी?"

"मी काय घड्याळ बघत बसल्यें होतें? चार-दहाची बस वळत होती फाटकाशीं. तिच्याच हॉर्ननं दचकली म्हणून मी धावल्यें..."

टेबलावर नळी होती. चिठ्ठी बाहेरून वाचता येत होती. मी पदरानं बरणी जवळ ओढली. तिन्ही मोठ्या अळ्या खालीवर करत होत्या. दोन सावकाश. तिसरीचं मात्र काही खरं नव्हतं. दोनदा झटकन वर यायची, मग बराच वेळ नाही, मग पुन्हा.

"वहिनी," मी म्हटलं, "सेव्वंदीजवळ जा. तिच्या कुशीकडे बघ. ती श्वास घेईल तेव्हा 'हूं' म्हण."

"आत्तां? वेड लागलं कां तुला?"

"म्हण गं."

चपलांचा आवाज, मग गवताची सळसळ. मग वहिनीचा दबका आवाज आला. "हूं..." अळी वर आली. "हूं..." अळी वर आली. मग काहीच नाही. वहिनी गप्प, अळी तळाशी. मी मनात सात आकडे मोजले.

"हूं..."

अळी वर आली.

मला रडू कोसळलं. लहान अळी वर का येत नव्हती ते मला त्या वेळी कळलं. पोटातलं वासरू कुठं श्वास घेतं? त्याचं नुसतं काळीज धडधडत असतं. आणि लाज वाटते सांगायला, पण रडता रडता मी वहिनीला म्हणाले, "आता मल्लीचं मोज. मग गोदाचं." तिनं मोजलं. दोन्ही जुळलं.

त्या रात्री मी बरणीपासून हलले नाही. सकाळी गिंडीहून बस पकडली, बरणी मांडीवर घेऊन. बस आदळली की माझा जीव वरखाली व्हायचा. ह्या तिघींना जिथून आणलं तिथंच सोडायचं, एवढंच ठरवलं होतं. वहिनीला काय सांगायचं ते ठरलं नव्हतं.

पोचले तेव्हा दहा वाजले होते. वासरू चिंचेखाली पुरून झालं होतं. ते करून आल्यावर घरच्या तिघांनी कुंडीवरच हातपाय धुतले होते. दगड अजून ओला होता. तिघं म्हणजे अण्णा, वहिनी आणि अनन्या. बातमी कळल्यावर ती रात्रीच टी. नगरहून आली होती. सेव्वंदी भिंतीशी पडून होती, पण तिनं मान वर केली. मी बरणीची मलमल सोडली आणि कुंडीवर वाकले.

कुंडीत अळ्या होत्या. परवा घासून कोरड्या केलेल्या दगडात, नव्या पाण्यात, चार. तीन मोठ्या वर येत होत्या, खाली जात होत्या.

चौथी तळाशी होती. लहान. भराभरा आखडत होती.

गाईंच्या तिन्ही माझ्या हातातल्या बरणीत होत्या. मी मागं वळून घरातली माणसं मोजली. अण्णा, वहिनी, अनन्या.

"बाजूला हो, जयवंती." अण्णा दोन्ही हातांनी पातेलं धरून येत होता. पातेल्यातून वाफ निघत होती. "डॉक्टर म्हणाला, उकळतं पाणी ओता, मग चुना लावा. खाऊन टाकलं माझ्या सेव्वंदीचं बाळ ह्यांनीं."

"अण्णा, थांब."

"सर म्हणतों ना!"

मी त्याचं मनगट धरलं. पातेलं हिंदकळलं. बहुतेक पाणी माझ्या पावलावर सांडलं, पण थोडंसं कुंडीच्या काठावरून आत ओघळलं. तळाची अळी एकदम आकसली.

मागं अनन्या कळवळली. "अम्मा..." ती दोन्ही हात ओटीपोटावर दाबून खाली बसली होती.

"अण्णा, तिच्या पोटात बाळ आहे," मी म्हणाले. मी पाण्यात बघत होते. अळी तशीच आकसलेली होती. मग हळूहळू सैल झाली. मग पुन्हा, आधी अडखळत, मग भराभरा.

"आत्ते," अनन्या माझ्याकडे बघत होती, "तुम्हांला कसं कळलं? मी ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाहीं अजून. परवांच टेस्ट केली."

अण्णानं पातेलं जमिनीवर ठेवलं.

नळीतला नमुना मी अजून कुणाला दाखवलेला नाही. वहिनीला मात्र सगळं सांगितलं, त्याच दिवशी, अनन्यासमोर. ती मला काही बोलली नाही. उठून चिंचेखाली जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत आत आली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता ती कुंडी कुणी घासत नाही. तिच्यावर जाळी बसवली आहे, गाईंना बादलीतून पाणी देतात. बरणीतल्या तिघी मी त्यातच सोडल्या. वहिनी रोज सकाळी मोजते आणि मला फोन करते. सात, म्हणते आणि ठेवून देते. अनन्याचा सहावा महिना चालू आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, सगळं उत्तम, बाळ आपल्या जागी आहे.

आज सकाळी वहिनीनं आकडा सांगितला, पण फोन ठेवला नाही.

"जयवंती," ती म्हणाली, "ती तळाची धाकटी... कालपासून वर यायला लागलीय."