बत्तिसावी वाटी

खडकीच्या सहजीवन वसाहतीत कोणी गेलं, की तेराव्याला म्हणा, जलदानाला म्हणा, नाहीतर चाळिसाव्याला म्हणा, त्या घरातून चोवीसही घरांत स्टीलची एकेक वाटी यायची. वाटीवर गेलेल्याचं नाव आणि तारीख. ही रीत कोणी सुरू केली ते कोणालाच आठवत नव्हतं. रानडे म्हणायचे अय्यरांनी, अय्यर म्हणायचे शेखांनी, आणि डिसूझा आंटी म्हणायच्या, "आमच्यात कुठं असतं असं? तुमचंच बघून शिकलो आम्ही."

कारखान्यातल्या चोवीस कामगारांनी चौऱ्याहत्तर साली पैसे साठवून ही वसाहत उभी केली, तेव्हापासून एकही घर विकलं गेलं नव्हतं. त्यामुळे घरोघरी त्याच वाट्या. रोजची आमटी माणसं गेलेल्यांच्या वाटीतून ओरपायची आणि त्यात कोणाला काही वाटायचं नाही. "आज अय्यर आजोबा दे गं, ते जरा खोल आहेत," असं संभाजीराव ओव्हाळ बायकोला, हिराबाईंना, खुशाल म्हणायचे.

आता वसाहत पाडून तिथं टॉवर होणार होता. महिनाअखेर घरं रिकामी करायची होती, आणि त्यात संभाजीरावांची बायपास येत्या गुरुवारी ठरलेली. हिराबाई वरवर अगदी खंबीर होत्या. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं. पण हाताला काम नसलं की जीव थाऱ्यावर राहत नसे, म्हणून त्या रविवारी सकाळपासून भांडी बांधायला बसल्या होत्या.

वसाहतीतली गेलेली माणसं एकतीस. नावं त्यांना पाठ होती. वाट्या भरल्या बत्तीस.

त्यांनी पुन्हा मोजल्या. बत्तीसच. एक वाटी कोरी होती. नाव नाही, तारीख नाही, एक ओरखडाही नाही. दुकानातून आत्ताच आणल्यासारखी लख्ख.

"ही कोणाची हो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"माझी असेल," पेपरातून डोकं वर न काढता संभाजीराव म्हणाले. "ॲडव्हान्समध्ये आली."

"काहीतरीच काय बोलता! जिभेला काही हाड?"

वाटी घेऊन त्या खाली कादंबरी रानड्यांकडे गेल्या. कादंबरी अठ्ठावन्न वर्षांची, रोज पहाटे टेकडी चढणारी बाई. वाटी बघून तिचा चेहरा जरा उतरला. "अगंबाई, माझ्याकडेही एक जास्त आहे. मला वाटलं, तुमचीच चुकून आली."

मग डिसूझांकडे. तिथंही एक. शेखांकडे एक. अय्यरांच्या सुनेनं माळ्यावरचं खोकं उतरवलं, त्यातही एक. चार वाजेपर्यंत अंगणात चिंचेखालच्या कट्ट्यावर चोवीस कोऱ्या वाट्या जमल्या. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

कोणी दिल्या, कधी दिल्या, कोणालाच सांगता येईना.

"कोणीतरी आधीच वाटून ठेवल्यात," नसरीन शेख हसत म्हणाली, आणि लगेच गप्प झाली.

सगळ्यांची नजर एकदम वर गेली. ओव्हाळांच्या गॅलरीत संभाजीराव लेंगा वाळत घालत होते. मग सगळ्यांनी नजर खाली घातली. कोणी चप्पल नीट केली, कोणी पदर.

हिराबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, माणूस जिवंत आहे अजून! असे काय बघता?" त्या ओरडल्या. पण आतून त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरल्याचा त्यांना जास्त राग आला होता.

दुसऱ्या दिवशी त्या बाजारात भैरूच्या भांड्यांच्या दुकानात गेल्या. वसाहतीच्या सगळ्या वाट्यांवर नाव घालणारा हाच. वाटी उलटी करून त्यानं तळ बघितला. तिथं तीन बारीक टिंबं होती, त्याची खूण.

"ही माझीच हाय की," तो म्हणाला. "पण बाई, ही खूण मी नाव घातल्यावर करतो. आधी कधीच न्हाई."

"मग हिच्यावर नाव का नाही?"

भैरूनं वाटी खाली ठेवली आणि हात पुसले. "ते मला काय म्हाईत? पण कोरी ठेवू नका. नाव मागत असंल."

एरवी त्यांनी त्याला तिथंच चार शब्द सुनावले असते. आज वाटी पिशवीत टाकून त्या परतल्या. वाटेत त्यांना सुचलं, आणि सुचल्यावर इतकं हलकं वाटलं, की रिक्षातच हसू आलं. मागू दे की नाव! वसाहतच तर चालली होती. वसाहतीचंच नाव घालायचं.

सगळ्यांना ते फार आवडलं. मंगळवारी कट्ट्यावर वाद झाला तो नावाच्या आधी काय लिहायचं यावर. रानड्यांच्या वाटीवर 'कै.' असायचं, ओव्हाळांच्या 'कालकथित', शेखांच्या 'मरहूम'.

"वसाहतीची जात कोणती ते आधी ठरवा," संभाजीराव म्हणाले. "पन्नास वर्षं राहिलं ते राहिलं."

शेवटी आधी काहीच लिहायचं नाही असं ठरलं. "पण नुसतं सहजीवन वसाहत नको," हिराबाई म्हणाल्या. "विटांसाठी कोण रडतंय? वसाहत म्हणजे आपण. चोवीस घरं असं लिहा." डिसूझा आंटींनी डोळे टिपले.

भैरूनं कागद वाचला. "चोवीस घरं, यांच्या स्मरणार्थ," तो हळूच म्हणाला. "असंच घालू? इचार करा, बाई."

"केलाय. घाला."

बुधवारी दुपारी सगळ्यांनी अंगणात पंगत मांडली. त्याच वाट्यांतून खीर झाली. संभाजीरावांनी दोनदा मागून घेतली. संध्याकाळी ते दवाखान्यात भरती झाले, गुरुवारी ऑपरेशन झालं आणि इतकं नीट झालं, की डॉक्टरांनाही बोलायला काही उरलं नाही. हिराबाई जिन्यात एकट्या बसून रडल्या. त्या रडण्यात नुसता आनंद होता.

मग घरं रिकामी झाली, माणसं पांगली. ओव्हाळ कोथरूडला मुलीच्या शेजारी भाड्यानं राहायला गेले.

महिन्याभरानं कादंबरी गेली. झोपेत. काहीही झालेलं नव्हतं.

त्यानंतर दहा दिवसांनी डिसूझा आंटी.

मग नसरीन. पंचेचाळिशी नुकतीच उलटली होती तिची.

वय होतं, योगायोग असतो, घर सुटल्याचा धक्का बसतो. हिराबाई मनाशी एकेक कारण मांडत, आणि नसरीनच्या नावापाशी अडत. ती नवी वाटी त्यांनी पिठाच्या डब्यामागे ढकलून दिली. फोन वाजला की त्या दोनदा नाव बघून मगच उचलत. संभाजीराव मात्र रोज दोन चकरा मारत, भाजीवाल्याशी हुज्जत घालत. त्यांना कसं सांगायचं, आणि सांगायचं तरी काय?

एक गोष्ट त्यांना राहून राहून खुपत होती. तिघी गेल्या, पण वाटी एकीचीही आली नव्हती. शेवटी एका दुपारी त्यांनी कादंबरीच्या मुलाला, शौनकला फोन लावला.

"आईची वाटी नाही आली रे अजून."

तो घुटमळला. "गेलो होतो काकू भैरूकडे. चोवीस वाट्या सांगितल्या. पण तो नाव घालेचना."

"का?"

"म्हणाला, तुमच्या घराची वाटी वाटून झालीय. एका माणसाची दोनदा घालत नाही." शौनक कसनुसं हसला. "डिसूझांनाही म्हणे तेच सांगितलं."

हिराबाईंनी फोन खाली ठेवला.

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला.

"अगं, खीर घेतली मी," संभाजीरावांनी आतून सांगितलं. "ही नवी वाटी पिठामागे कशाला लपवलीस? बरी आहे की चांगली."

"अहो, ठेवा ती खाली," त्या म्हणाल्या. त्या स्वयंपाकघराकडे धावल्या.

चमचा वाटीच्या तळाला लागल्याचा आवाज आला.